मुक्काम हलवावा की थांबावे?

अन्नपूर्णा परिक्रमेच्या वाटेवर दर चार-पाच तासांच्या चालीवर निवारा मिळतो. तरीही २०१४ साली या वाटेवर मोठी दुर्घटना घडली. बदलत्या हवामानात मुक्कामाचा निर्णय कसा घ्यावा, याचा धडा त्या घटनेत आहे.

१२ ऑक्टोबर २०१४ रोजी 'हुदहुद' हे चक्रीवादळ आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावर विशाखापट्टणमजवळ धडकले. शहरातील उन्मळून पडलेली झाडे, तुटलेल्या विजेच्या तारा आणि विमानतळाच्या उडालेल्या छताची छायाचित्रे देशभर पोहोचली. किनारा ओलांडल्यावर वादळ कमजोर झाले आणि बातम्यांमधूनही मागे पडले. मात्र ते संपले नव्हते. त्याचे अवशेष उत्तरेकडे सरकत राहिले आणि दोन दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, विशाखापट्टणमपासून सुमारे बाराशे किलोमीटर दूर असलेल्या हिमालयाला जाऊन भिडले. नेपाळच्या मनांग आणि मुस्तांग जिल्ह्यांत प्रचंड हिमवृष्टी झाली, हिमकडे कोसळले. किमान ४३ जणांचा बळी गेला. पाचशेहून अधिक लोकांची सुटका करावी लागली. मृतांमध्ये विदेशी पदभ्रमणकार होते, नेपाळी वाटाडे व भारवाहक होते, याक राखणारे स्थानिक होते. त्यांत भारतीयांचाही समावेश होता.

या घटनेत एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. बळी पडलेल्यांपैकी अनेक जण निर्जन शिखरावर चढाई करणारे गिर्यारोहक नव्हते. जगातील सर्वांत गजबजलेल्या पदभ्रमण मार्गांपैकी एका मार्गावर, एका लॉजवरून दुसऱ्या लॉजकडे ते निघाले होते. आदल्या रात्री ते छताखाली, जाड पांघरुणात झोपले होते. निवारा होता, तो सोडून ते बाहेर पडले आणि वादळात सापडले. मुक्कामामागून मुक्काम करत जाणाऱ्या पदयात्रेत रोज सकाळी एकच प्रश्न नव्याने सोडवायचा असतो : आज पुढे जायचे की इथेच थांबायचे? बाकीची सारी तयारी या प्रश्नापुढे दुय्यम ठरते.

वाट कशी आहे?

अन्नपूर्णा हा मध्य नेपाळमधील पर्वतसमूह. त्यातील अन्नपूर्णा-१ या ८,०९१ मीटर उंचीच्या शिखरावर मॉरिस हर्झॉग आणि लुई लाशनाल हे फ्रेंच गिर्यारोहक ३ जून १९५० रोजी पोहोचले. आठ हजार मीटरहून उंच शिखरावर माणसाने ठेवलेले ते पहिले पाऊल होते. या पर्वतसमूहाला वळसा घालणारी वाट १९७७ साली विदेशी पदभ्रमणकारांना खुली झाली. १९८६ मध्ये स्थापन झालेले अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्र ७,६२९ चौरस किलोमीटरवर पसरले असून ते नेपाळमधील सर्वांत मोठे संरक्षित क्षेत्र आहे.

पारंपरिक परिक्रमा बेसिसहर या सुमारे ७६० मीटर उंचीच्या गावापासून सुरू होते. भाताची खाचरे आणि केळीच्या बागा मागे टाकत वाट मर्स्यांगदी नदीच्या काठाने वर चढते. चामे (२,६७० मीटर), पिसांग (३,२०० मीटर) आणि मनांग (३,५४० मीटर) हे मोठे टप्पे. मनांगनंतर झाडे संपतात. याक खर्क (सुमारे ४,०५० मीटर) आणि थोरोंग फेदी (सुमारे ४,४५० मीटर) असे मुक्काम करत वाट खिंडीखाली येते. 'फेदी' म्हणजे पायथा. फेदीच्या वर सुमारे ४,८५० मीटरवर 'हाय कॅम्प' हा अखेरचा निवारा. त्यापुढे ५,४१६ मीटर उंचीची थोरोंग ला. 'ला' म्हणजे खिंड. सह्याद्रीतील सर्वोच्च कळसूबाई शिखराच्या तिपटीहूनही ही खिंड उंच आहे.

खिंडीपलीकडे मुक्तिनाथ. शाळिग्रामांसाठी प्रसिद्ध असलेल्या काली गंडकीच्या खोऱ्यातील हे तीर्थक्षेत्र महाराष्ट्रातील भाविकांनाही परिचित आहे. पशुपतिनाथाचे दर्शन घेऊन मुक्तिनाथच्या १०८ धारांखाली स्नान करणारे मराठी यात्रेकरू बहुधा पोखरा-जोमसोम मार्गे, विमानाने किंवा मोटारीने तेथे पोहोचतात. पदभ्रमणकार मात्र मागच्या बाजूने, डोंगर ओलांडून उतरतात.

ही परिक्रमा बहुतेक जण पूर्वेकडून पश्चिमेकडे करतात. त्यामागे शास्त्र आहे. मनांगच्या बाजूने उंची हळूहळू वाढते आणि मुक्कामांची ठिकाणे जवळजवळ आहेत. मुक्तिनाथ सुमारे ३,७६० मीटरवर आहे. त्या बाजूने खिंड गाठायची तर एका दिवसात सोळाशे मीटरहून अधिक चढावे लागते. पूर्वेकडून येणाऱ्याला हेच अंतर उतरायचे असते. सोपी वाटणारी ही उतरणच वादळात सर्वांत घातक ठरते. कारण खिंड सोडल्यापासून ते सुमारे ४,२०० मीटरवरील पहिल्या चहाच्या घरांपर्यंत बाराशे मीटरचा उघडा उतार आहे. वाटेवर बर्फ साचला की खुणा दिसेनाशा होतात आणि खालच्या घळी वाटेसारख्याच दिसू लागतात.

भट्टीपासून लॉजपर्यंत

या मार्गावरील निवाऱ्यांची परंपरा पर्यटनाहून जुनी आहे. काली गंडकीचे खोरे हा तिबेट आणि दक्षिणेकडील मुलूख यांमधील व्यापाराचा मार्ग होता. उत्तरेकडून मीठ व लोकर येई, दक्षिणेकडून धान्य जाई. खेचरांचे तांडे घेऊन फिरणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी या खोऱ्यातील थकाली समाजाने 'भट्टी' चालवल्या. जेवण विकत घ्यावे आणि ओसरीवर झोपावे, अशी ती व्यवस्था होती. सत्तरच्या दशकानंतर पाठीवर पिशवी घेतलेले विदेशी पाहुणे आले, तेव्हा याच व्यवस्थेचे लॉजमध्ये रूपांतर झाले.

आजही लॉजचे अर्थकारण बरेचसे भट्टीचेच आहे. खोलीचे भाडे तुलनेने कमी असते, लॉजमालकाची कमाई जेवणावर होते. त्यामुळे ज्या लॉजमध्ये मुक्काम करायचा तेथेच रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी घ्यावी, असा संकेत आहे. उंची वाढते तसे पदार्थांचे दरही वाढतात, कारण तांदळापासून गॅसच्या टाकीपर्यंत सारे खेचराच्या किंवा माणसाच्या पाठीवरून वर यायचे. डाळभात मात्र पोटभर मिळतो, ताटात पुन्हा पुन्हा वाढला जातो.

लॉजमधील भोजनकक्ष हे या पदयात्रेचे खरे माहिती केंद्र. संध्याकाळी शेगडीभोवती सगळे जमतात. खिंड ओलांडून उलट दिशेने आलेले कोणी असतील तर ते वाटेची स्थिती सांगतात. वाटाडे आपापसांत उद्याच्या वेळा ठरवतात. याच खोलीत अफवाही पसरतात आणि घाईही संसर्गजन्य होते. 'सगळे पहाटे चारला निघणार आहेत' हे वाक्य कानावर आले की एकट्याने मागे राहण्याचा निर्णय अवघड होतो.

पर्जन्यछायेचा फसवा दिलासा

अन्नपूर्णेच्या दक्षिणेकडील पोखराजवळचे लुमले हे नेपाळमधील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच्या उत्तरेला पन्नास-साठ किलोमीटरवर असलेल्या जोमसोममध्ये तो जेमतेम तीनशे मिलिमीटरच्या आसपास असतो. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस वाई ओलांडून पूर्वेकडे माणदेशात पोहोचेपर्यंत संपतो, त्याच न्यायाने. बंगालच्या उपसागरावरून आलेले बाष्प अन्नपूर्णेच्या दक्षिण भिंतीवर रिते होते आणि मनांग-मुस्तांगच्या वाट्याला कोरडे वारे येतात. तेथील घरांची सपाट मातीची धाबी या कोरड्या हवेचीच साक्ष देतात.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हा पदभ्रमणाचा मुख्य हंगाम. मान्सून परतलेला असतो, आकाश धुतल्यासारखे निळे असते, शिखरे दिवसभर दिसतात. सलग आठ दिवस अशी हवा मिळाली की नववाही दिवस तसाच असेल, असे वाटू लागते. येथेच फसगत होते.

पर्वतातील हवामान दोन पातळ्यांवर बदलते. पहिला बदल रोजचा. ऊन चढले की दऱ्यांमधील हवा तापून वर सरकते, दुपारनंतर ढग जमतात, वारा वाढतो. खिंडीतील वारा सकाळी नऊ-दहानंतर जोर धरतो, म्हणून फेदीहून पहाटे निघण्याची प्रथा पडली. काली गंडकीच्या खोऱ्यात तर दुपारच्या सुमारास दक्षिणेकडून सुटणारा वारा चालणे कठीण करतो. हा बदल ठरावीक असल्याने त्याच्याशी जुळवून घेता येते.

दुसरा बदल बाहेरून येतो. हिवाळ्यात आणि वसंतात पश्चिमेकडून येणारे वाऱ्यांचे झोत बर्फ आणतात. शरदात बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळे येतात. मान्सूननंतरचे हे महिने उपसागरात चक्रीवादळांचे असतात आणि हिमालयात पदभ्रमणाचे, हा योगायोग धोकादायक आहे. किनाऱ्यावर आदळल्यानंतर वादळातील वारे मंदावतात, पण बाष्प बराच काळ टिकते. ते उत्तरेकडे वळले आणि त्याच वेळी पश्चिमेकडून वरच्या थरात थंड हवेचा पट्टा आला, तर दोहोंच्या संयोगातून हिमालयाच्या कोरड्या बाजूलाही कित्येक फूट बर्फ पडू शकतो. 'हुदहुद'च्या वेळी हेच घडले. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकलेल्या 'फायलिन' वादळानेही नेपाळमध्ये पाऊस आणि बर्फ आणला होता.

थंडीचा हिशेबही समजून घेण्याजोगा आहे. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सियसने घटते. पोखरा सुमारे ८२० मीटरवर आहे. तेथे २५ अंश असताना साडेचार हजार मीटर वर असलेल्या खिंडीत ते शून्याखाली पाच अंशांच्या आसपास असते. हा झाला स्वच्छ दिवसाचा हिशेब. शून्याखाली दहा अंश तापमानात ताशी ४० किलोमीटर वेगाने वारा वाहू लागला तर उघड्या त्वचेला ते शून्याखाली २१ अंशांसारखे जाणवते. त्यात कपडे घामाने किंवा बर्फाने ओले असतील तर शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली घसरते. या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. त्याचा पहिला परिणाम होतो तो विचारशक्तीवर. अर्थात, निर्णयाची सर्वाधिक गरज असते त्याच वेळी निर्णयक्षमता हरपते.

चौदा ऑक्टोबरची सकाळ

२०१४ च्या त्या सकाळी फेदी आणि हाय कॅम्प येथून अनेक गट नेहमीप्रमाणे अंधारात निघाले. बर्फ पडू लागला होता. हंगामात थोडाफार बर्फ पडतोच, दिवस वर आला की थांबेल, असा समज होता. खिंडीत पोहोचेपर्यंत बर्फ वाढला, वारा सुटला आणि समोरचा माणूस दिसेनासा झाला. खिंडीतील एका छोट्या चहाच्या टपरीत मिळेल तेवढ्यांनी दाटीवाटीने आश्रय घेतला.

त्यानंतरच्या घटनांविषयी वाचलेल्यांनी वृत्तसंस्थांना जे सांगितले ते महत्त्वाचे आहे. टपरीत थंडी असह्य होती. रात्र येथे काढता येणार नाही, वाट माहीत असणाऱ्यांच्या मागून मुक्तिनाथकडे उतरावे, असा विचार पुढे आला आणि अनेक जण बाहेर पडले. कंबरभर बर्फात रांग तुटली, वाट हरवली. उतारावर काही जण थकून बसले ते उठलेच नाहीत, काहींना हिमकड्यांनी गाडले. टपरीत रात्रभर एकमेकांना जागे ठेवत बसून राहिलेले लोक मात्र वाचले. गैरसोयीचा का होईना, निवारा सोडणाऱ्यांच्या वाट्याला मृत्यू आला, असे या साऱ्या कथनांचे सार आहे.

वादळाचा इशारा डोंगरातील लॉजपर्यंत का पोहोचला नाही, अशी टीका नंतर झाली. नेपाळचे तत्कालीन पंतप्रधान सुशील कोईराला यांनीही हवामानाचा इशारा देणाऱ्या यंत्रणेची गरज बोलून दाखवली. ही टीका रास्तच होती. तथापि तारखांकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. वादळ किनाऱ्यावर आले १२ तारखेला, बर्फ कोसळला १४ तारखेला. मनांगहून खिंडीपर्यंतच्या प्रवासाला साधारण तेवढाच वेळ लागतो. १४ तारखेला खिंडीत असलेले बरेचसे लोक १२ तारखेला मनांग किंवा याक खर्कच्या परिसरात असणार. म्हणजे बातमी आणि बर्फ यांच्यामध्ये दोन मुक्काम होते. त्या दोन्ही ठिकाणी थांबणे शक्य होते. माहिती पोहोचली असती तर त्या मुक्कामांचा उपयोग झाला असता.

विरळ हवेचे बंधन

थांबण्याचा निर्णय केवळ बर्फावर अवलंबून नसतो. साडेपाच हजार मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. तीन हजार मीटरनंतर झोपण्याच्या ठिकाणाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी, असा पर्वतीय वैद्यकातील सर्वमान्य सल्ला आहे. म्हणूनच मनांगमध्ये दोन रात्री काढण्याची पद्धत आहे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशन या संस्थेचे मदत केंद्र मनांगमध्ये हंगामात चालते. तेथील डॉक्टर दुपारी उंचीच्या आजारांविषयी पदभ्रमणकारांना माहिती देतात.

या नियमामुळे मनांगनंतरचे टप्पे तीन-चार तासांचे, छोटे ठेवावे लागतात. दुपारी बारालाच मुक्काम गाठला जातो, पायांत त्राण असते, ऊन छान पडलेले असते आणि 'अजून एक टप्पा मारू' असा मोह होतो. सह्याद्रीत एका दिवसात दोन किल्ले करणाऱ्यांना हा मोह अधिक होतो. मात्र पायांची ताकद आणि विरळ हवेची सवय या दोन भिन्न गोष्टी आहेत. नियमित व्यायाम करणारा तरुणही डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाशाने बेजार होऊ शकतो. याकडे दुर्लक्ष करून चढत राहिल्यास फुप्फुसांत पाणी साचणे किंवा मेंदूला सूज येणे, असे जीवघेणे परिणाम संभवतात. तोल जाणे, बोलताना अडखळणे, बसल्या जागीही धाप लागणे ही धोक्याची लक्षणे. त्यांवर खरा उपाय एकच, तो म्हणजे ताबडतोब खाली उतरणे.

बदलते हवामान आणि विरळ हवा एकत्र आली की पेच निर्माण होतो. बर्फ पडतो आहे म्हणून हाय कॅम्पवर थांबावे, तर त्या उंचीवर आजार बळावू शकतो. अशा वेळी शहाणपणाचा मार्ग बहुधा मागे फिरण्याचा असतो. हाय कॅम्पवरून फेदीला, फेदीवरून याक खर्कला उतरणे काही तासांचे काम. संभाव्य वादळाची बातमी असेल तर मनांगच्या वर जाऊच नये. तेथे दवाखाना आहे, अन्नसाठा आहे आणि चार दिवस काढता येतील इतकी लॉज आहेत.

निवारा म्हणजे सुरक्षितता नव्हे

छताखाली थांबले म्हणजे धोका टळला, असेही नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये उपसागरातील वादळामुळेच एव्हरेस्टच्या परिसरात मोठी हिमवृष्टी झाली. गोक्यो खोऱ्यातील पांगा येथे हिमकडा थेट लॉजवर कोसळला आणि तेथे मुक्कामाला असलेल्या जपानी पदभ्रमणकारांच्या तुकडीसह त्यांचे नेपाळी सहकारी दगावले. जानेवारी २०२० मध्ये अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या वाटेवर देउरालीजवळ झालेल्या हिमस्खलनात दक्षिण कोरियाचे चार आणि नेपाळचे तीन नागरिक मृत्युमुखी पडले.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लॉज कोठे बांधले आहे हे पाहणे आवश्यक आहे. तीव्र उताराच्या तळाशी, घळीच्या तोंडाशी असलेल्या जागेपेक्षा मोकळ्या पठारावरील गाव केव्हाही बरे. दुसरे म्हणजे वादळ ओसरल्यावर लगेच निघू नये. आकाश निवळते, ऊन पडते, अडकलेल्यांना सुटल्यासारखे वाटते. पण ताजा बर्फ खालच्या थरावर अद्याप बसलेला नसतो. हिमवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस हिमस्खलनाच्या दृष्टीने सर्वाधिक धोक्याचे मानले जातात.

रस्ता आला, सवड गेली

गेल्या काही वर्षांत या परिक्रमेचे रूप पालटले आहे. पश्चिमेकडून मुक्तिनाथपर्यंत आणि पूर्वेकडून मनांगपर्यंत मोटाररस्ता पोहोचला आहे. रस्ता टाळून जाणाऱ्या पायवाटा शोधून त्यांवर लाल-पांढऱ्या खुणा रंगवण्यात आल्या असल्या, तरी अनेक जण आता जीपने वर जातात. पूर्वी आठवडाभर चालत गाठली जाणारी उंची त्यामुळे दोन दिवसांत गाठली जाते. शरीराला सवय होण्याची सवड त्याच प्रमाणात कमी झाली आहे. रजा थोडी असलेल्यांना हा रस्ता सोयीचा वाटतो. मात्र वाचलेले दिवस मनांगमध्ये विश्रांतीसाठी खर्च केले नाहीत तर ती सोय अंगाशी येते.

दुसरीकडे, माहितीची अडचण बरीच कमी झाली आहे. बहुतेक लॉजमध्ये इंटरनेट असते, अनेक ठिकाणी मोबाइल लागतो. भारतीय हवामान विभागाची चक्रीवादळाची पत्रके कोणालाही पाहता येतात. नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून विदेशी पदभ्रमणकारांना परवानाधारक मार्गदर्शक सोबत घेण्याचा नियम लागू केला. भारतीयांसाठी सध्या कोणते परवाने व अटी आहेत, हे नेपाळ पर्यटन मंडळाकडून निघण्यापूर्वीच ताडून पाहावे.

थांबण्याची तयारी घरूनच

दिवाळीच्या सुटीत नेपाळला जाणाऱ्या मराठी गटांसाठी या साऱ्याचा अर्थ सरळ आहे. थांबण्याचा निर्णय वर डोंगरात घेतला जातो, पण तो घेण्याची मुभा घरी बसून आखलेल्या कार्यक्रमातच ठेवावी लागते.

पहिली गोष्ट राखीव दिवसांची. परिक्रमेचे दिवस मोजून त्यात किमान दोन-तीन दिवस रिकामे ठेवावेत. परतीचे विमान आणि खिंड यांच्यात मोकळा दिवसच नसेल तर वादळातही पाय पुढेच पडतात. मुक्काम वाढला तर खर्च होतो तो खोलीचे भाडे आणि दोन वेळच्या जेवणाचा.

दुसरी गोष्ट हवामान पाहण्याची. केवळ खिंडीचा अंदाज पाहून भागत नाही. मनांग सोडण्यापूर्वी बंगालच्या उपसागरावर एक नजर टाकावी. आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्याकडे वादळ सरकत असेल आणि त्याची पुढची वाटचाल उत्तरेकडे दाखवली असेल, तर मनांगमध्येच थांबावे. लॉजमालक आणि वाटाड्या यांचे मत वेगवेगळे विचारावे.

तिसरी गोष्ट परत फिरण्याच्या वेळेची. फेदीहून निघण्याआधीच गटाने ठरवून घ्यावे की अमुक वाजेपर्यंत खिंड गाठली नाही, किंवा पुढच्या खुणेचा खांब दिसेनासा झाला, तर चर्चा न करता मागे वळायचे. थकव्यात आणि थंडीत नवे निर्णय नीट होत नाहीत, आधी ठरवलेले पाळता येतात. बर्फ पडत असताना पहाटे निघूच नये, हा सर्वांत सोपा नियम.

चौथी गोष्ट कपड्यांची. सुती कपडे घाम धरून ठेवतात, ते वरच्या टप्प्यांत टाळावेत. वारा व पाणी अडवणारे जाकीट, कोरडा कपड्यांचा एक जोड, हातमोज्यांच्या दोन जोड्या, डोक्याला बांधायची विजेरी आणि एका रात्रीपुरते खाणे पाठीवरच्या पिशवीत असावे, भारवाहकाकडे दिलेल्या सामानात नव्हे. भारवाहकाच्या अंगावर आणि पायांतही तेवढेच उबदार कपडे व बूट आहेत की नाहीत आणि त्याचा विमा उतरवलेला आहे की नाही, हे पाहणे ही त्याला कामावर घेणाऱ्याचीच जबाबदारी आहे. २०१४ च्या बळींमध्ये डोंगरातली माणसेही होती, हे विसरता येत नाही.

थोरोंग ला दर हंगामात हजारो लोक सुखरूप ओलांडतात. त्यात साठी उलटलेले असतात, पहिल्यांदाच बर्फ पाहणारेही असतात. ही वाट बहुतेक दिवशी कोणाचीही अडवणूक करत नाही. जे थोडे दिवस ती अडवते, त्या दिवसांसाठीच ओळीने एवढे निवारे आहेत. त्यांचा उपयोग रात्री झोपण्यापुरता न करता, गरज पडेल तेव्हा दिवसाही तेथेच बसून राहण्यासाठी केला, तर खिंड दुसऱ्या दिवशीही तेथेच असते.